घाटात इंजिन का वाजतं: ऑक्टेन, ई२० आणि कोकणातली तुमची गाडी

पंपावर नोझल हातात घेऊन मुलगा विचारतो, ‘साधं की पॉवर?’ आणि बहुतेक जण मागच्या वेळी जे सांगितलं तेच सांगून मोकळे होतात. खरं उत्तर तुमच्या इंजिनात आहे, आणि ते शोधून काढता येतं. त्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. आजचं इंजिन कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं तर सावरून घेतं, मागे सरकतं. पण जास्त ऑक्टेनचं मिळालं म्हणून कंपनीने आखून दिलेल्या रेषेच्या पुढे ते जात नाही. पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा नाही, हे यावरून ठरतं.

आकडा कशाचा?

ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं की तापतं. ते ठिणगी पडायच्या आधी किंवा ज्योत पोहोचायच्या आधी आपोआप पेटू नये, ही पेट्रोलची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. मोजपट्टीच्या एका टोकाला आयसो-ऑक्टेन हे द्रव्य, त्याला १०० गुण. दुसऱ्या टोकाला नॉर्मल हेप्टेन, त्याला शून्य. चाचणीच्या इंजिनात एखादं पेट्रोल ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखं वागलं, की त्याचा ऑक्टेन ९५.

याचं उलटं टोक आपल्या बंदरांवर दिसतं. लहान होड्यांना लावलेली काही आउटबोर्ड मशिनं केरोसीनवर चालतात. केरोसीनचा ऑक्टेन फारच कमी, म्हणून ही मशिनं मुद्दाम कमी कॉम्प्रेशनची, म्हणजे मिश्रण कमी दाबणारी, बनवलेली असतात. आधी पेट्रोलवर सुरू करायचं, मशीन तापलं की केरोसीनवर घ्यायचं. तेच केरोसीन गाडीच्या टाकीत थोडं जरी आलं तरी तिचं जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन ते सहन करू शकत नाही.

आपल्याकडे बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ ठरलेला होता. आता मिळणाऱ्या ई२०साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी, तो ९५ आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८च्या आसपास असल्यामुळे मिश्रणाचा आकडा वर जातो. याचा एक परिणाम फारसा कुणी बोलून दाखवत नाही. ज्या प्रीमियम पेट्रोलवर ९५ लिहिलेलं आहे, ते निव्वळ ऑक्टेनसाठी घेण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. त्यात इंजेक्टर साफ ठेवणारी द्रव्यं असतात, हा वेगळा फायदा. ९९ किंवा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलची गोष्ट निराळी, पण ते सगळ्या पंपांवर मिळत नाही.

घरातलं कुणी आखातात असेल तर तिथले ९१, ९५, ९८ हे आकडे आपल्याच पद्धतीने मोजलेले असतात, ते सरळ ताडून पाहता येतात. अमेरिकेतले ८७ आणि ९३ मात्र दोन चाचण्यांच्या सरासरीचे असतात. तिथलं ८७ म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ९१-९२. तिकडचे व्हिडिओ पाहून ‘आपलं पेट्रोल त्यांच्यापेक्षा भारी’ असा निष्कर्ष काढू नका.

इंजिन काय करतं

पिस्टन पूर्ण वर पोहोचायच्या जरा आधीच ठिणगी पडते, कारण ज्योत पसरायला वेळ लागतो. ही ठिणगी किती अंश आधी पडते, त्याला मेस्त्री टायमिंग म्हणतात. टायमिंग पुढे असलं की ताकद जास्त मिळते, पण सिलिंडरमधला दाबही वाढतो. दाब आणि उष्णता हाताबाहेर गेली, की ज्योत पोहोचायच्या आधी कोपऱ्यात उरलेलं मिश्रण एकदम भडकतं. ते नॉकिंग.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. ब्लॉकची थरथर तो विजेच्या संकेतात बदलतो. नॉकिंगची थरथर साधारण ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास असते, सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे कमीजास्त. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीनंतरच्या ठरावीक क्षणापुरतंच ते ऐकतो, म्हणजे व्हॉल्व्हचा किंवा दुसरा आवाज मध्ये येत नाही. नॉकिंग कळलं की त्या सिलिंडरचं टायमिंग लगेच दोन-तीन अंश मागे घेतलं जातं. मग बराच वेळ शांत गेला, की अंशाच्या छोट्या छोट्या हिश्श्यांनी ते पुन्हा पुढे आणलं जातं. मागे झटकन, पुढे हळूहळू. असं वारंवार घडलं तर ईसीयू ती सवय साठवून ठेवतो. म्हणून पेट्रोल बदलल्यावर पहिल्या १० किलोमीटरवरून काहीच ठरवायचं नसतं.

दुसरी जुळवाजुळव इंधनाच्या मापाची. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो. ऑक्टेन वाढला तरी ॲव्हरेज पडलं, ही अनेकांची तक्रार इथून येते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: इथेनॉल नॉकिंग रोखतं, पण त्याच्यात उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवून ई१०ला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई२०वर ६ ते ७ टक्के, आणि ई१०साठी बनवून ई२०ला जुळवलेल्यांचं १ ते २ टक्के घटेल असा अंदाज दिला होता.

पायरी १: टाकीचं झाकण आणि पुस्तिका

टाकीच्या झाकणाच्या आतलं लेबल वाचा. तिथे ई१० किंवा ई२० लिहिलेलं असतं, काही गाड्यांत किमान ऑक्टेनही असतो. नसेल तर मालकाच्या पुस्तिकेत इंधनाच्या पानावर बघा. ‘किमान ९१’ असं असेल तर साधं पेट्रोल पुरेसं आहे. ‘९५ किंवा जास्त योग्य’ असं असेल, तर ते इंजिन कमी ऑक्टेनवरही चालेल, पण चढावर आणि भर उन्हात टायमिंग मागे घेऊन चालेल.

मग गाडी कोणत्या गटातली ते ठरवा. टर्बो पेट्रोल असेल तर ऑक्टेनचा फरक तिला सगळ्यात जास्त कळतो, कारण तिच्या सिलिंडरमध्ये हवा आधीच दाबून भरलेली असते. विनाटर्बो इंजेक्शनच्या गाडीला नॉक सेन्सर असेल तर ती सावरून घेते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाशिवाय हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या, जुन्या गाडीला स्वतःहून काहीच करता येत नाही, तिचं टायमिंग मेस्त्रीच्या हातात.

पायरी २: चढावर ऐका

नॉकिंग सपाट रस्त्यावर सहसा सापडत नाही. त्यासाठी चढ, वरचा गिअर, कमी आरपीएम आणि खोल दाबलेला ॲक्सिलरेटर एकत्र यावे लागतात. त्यासाठी आंबा घाटापर्यंत जायलाही नको. खाडीच्या पुलावरून सड्यावर चढणारा कुठलाही रस्ता चालतो. इंजिन पूर्ण तापू द्या. रस्ता रिकामा बघा, काचा खाली करा, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० ते २००० आरपीएमला असताना ॲक्सिलरेटर दाबा. डोंगर कापलेला असेल तिथे आवाज कातळावर आपटून परत येतो आणि जास्त स्पष्ट ऐकू येतो. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा किणकिणता आवाज आला आणि ॲक्सिलरेटर सोडताच थांबला, तर ते नॉकिंग. चार-पाच सेकंदांत समजतं, त्यापलीकडे इंजिनाला रेटू नका.

किनाऱ्यावर एक फसगत हमखास होते. खाऱ्या हवेने सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याच्या क्लॅम्प गंजून सैल होतात, आणि तो पत्रा भाराखाली हुबेहूब नॉकिंगसारखा वाजतो. इंजिन पूर्ण थंड असताना पत्रा हाताने हलवून बघा. गाडी न्यूट्रलमध्ये असतानाही ठरावीक आरपीएमला आवाज येत असेल, तर पेट्रोलला दोष देऊ नका. आयडलवरही, म्हणजे गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर न दाबताही, चालू राहणारी टकटक टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाची) असू शकते.

चाचणी कुठे आणि कधी करता याने फरक पडतो. समुद्रसपाटीला हवा दाट, म्हणून विनाटर्बो इंजिनाला ऑक्टेनची गरज चिपळूणला जास्त आणि घाट चढून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत कमी. सुमारे ६९० मीटरवरच्या आंबोलीत एरवी वाजणारं इंजिन शांत होऊ शकतं. घाटाच्या पायथ्याचे पहिले वळसे सगळ्यात कठीण. एप्रिल-मेची तापलेली हवा नॉकिंग वाढवते, पण हवेतली वाफ ज्वलन थोडं मंदावते आणि नॉकिंग कमी करते. पावसाळ्यात गाडी मऊ चालते असं वाटतं, त्याला हे एक खरं कारण आहे. म्हणून मेमध्ये केलेली चाचणी जुलैच्या चाचणीशी ताडू नका.

पायरी ३: ओबीडीवर मोजा

कान चांगले असले तरी बरंचसं नॉकिंग ऐकू येण्याआधीच ईसीयू दाबून टाकतो. गाडी वाजत नाही, फक्त मंद होते. म्हणून ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे ईसीयूमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र, आणि मोबाइलवरचं ॲप घ्या. खर्च थोडा आहे. स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये तो बसतो. स्क्रीनवर पाच आकडे लावा: टायमिंग ॲडव्हान्स, इंजिन लोड, आरपीएम, इनटेक हवेचं (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं) तापमान आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनाच्या मापात किती टक्के फेरफार कायम केला तो आकडा. काही गाड्या ‘नॉक रिटार्ड’, म्हणजे नॉकिंगमुळे टायमिंग किती अंश मागे घेतलं, हा आकडाही देतात. दिला तर तोच सगळ्यात उपयोगाचा.

आता एकच चढ निवडा. माणसं तेवढीच, एसी एकतर चालू किंवा बंद, वेळ शक्यतो तीच. तिसरा गिअर, २००० आरपीएम, पूर्ण ॲक्सिलरेटर, अशा स्थितीत टायमिंग किती अंश दिसतं ते तीन-चारदा रेकॉर्ड करा. आकडे सोबतच्या माणसाने बघायचे. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच. मग ९९ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळेल तिथे भरा, पण टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर. अर्ध्या टाकीवर भरलं तर मिश्रण मधलंच होतं: २० लिटर ९५ आणि २० लिटर ९९ म्हणजे साधारण ९७. दोन टाक्या नेहमीसारख्या चालवा, थोडी घाटातही. ईसीयूला पुढे सरकायला तेवढा वेळ लागतो. मग त्याच चढावर पुन्हा आकडे घ्या.

इनटेकचं तापमान आणि लोड दोन्ही वेळा जवळपास सारखं असूनही टायमिंग तीन-चार अंशांनी पुढे आलं, तर तुमचं इंजिन महाग पेट्रोल खरंच वापरतंय. टर्बो गाडीत हे दिसण्याची शक्यता बरी. अर्ध्या-एक अंशाचा फरक म्हणजे काही नाही. साध्या विनाटर्बो हॅचबॅकमध्ये मला तर असं वाटतं की तो पैसा वेळेवर स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलण्यात जास्त चांगला लागतो.

फ्युएल ट्रिमचा आकडाही बघा. ई१०वरून ई२०वर येताना तो साधारण ४ टक्क्यांनी वर जाणं स्वाभाविक आहे. पण तापलेल्या इंजिनात तो १० टक्क्यांच्या पुढे कायम राहत असेल, तर हवेची गळती, इंधनाचा कमी दाब किंवा चोंदलेला इंजेक्टर शोधायला हवा. आणखी वर गेला की पी०१७१ हा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो.

पायरी ४: वाजलं तर

घाटात आवाज आला तर ॲक्सिलरेटर सैल सोडा, एक गिअर खाली घ्या, आरपीएम २५०० ते ३००० ठेवा. गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन येताना वरच्या गिअरमध्ये रेटणं हेच नॉकिंगचं सगळ्यात मोठं कारण असतं. पेट्रोल वाचवण्यासाठी माणसं असं करतात, पण टायमिंग मागे गेल्यामुळे उलट जास्त जळतं. एसी काही वेळ बंद केला तर भार हलका होतो. क्षणभराच्या हलक्या किणकिणीने इंजिन मोडत नाही. सतत आणि जोरात वाजत ठेवलं तर पिस्टनच्या रिंगांमधले कठडे तुटतात, हेड गॅस्केट जातं. टर्बो गाडीत कमी आरपीएमला एखादाच मोठा ठोका बसला, तर ते साधं नॉकिंग नसून मिश्रण ठिणगीआधीच पेटल्याचं लक्षण असू शकतं. अशा गाडीला कमी आरपीएमवर रेटणं बंद करा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल घाला.

नॉकिंग नव्याने सुरू झालं असेल तर आठवा: नेमकं कधीपासून? टाकी भरल्यानंतर लगेच असेल तर संशय पेट्रोलवर. शेवटचं पेट्रोल दुकानातून बाटलीत घेतलेलं असेल तर संशय दुप्पट. हळू चालवा, टाकी अर्धी झाली की भरवशाच्या पंपावर जास्त ऑक्टेनचं भरून पातळ करा. हळूहळू महिन्यांत वाढत गेलं असेल तर कारण इंजिनातच आहे. बाजारापर्यंत जाऊन परत, एवढंच चालणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापत नाही, सिलिंडरमध्ये कार्बन साचतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि त्याच इंजिनाला आता जास्त ऑक्टेन लागतो. कमी कूलंट, चिखलाने भरलेला रेडिएटर, चुकीच्या हीट रेंजचा स्पार्क प्लग, जळणारं ऑइल, ही पुढची यादी मेस्त्रीकडून तपासून घ्या.

गाडी वाजत नाही, पण पिकअप अचानक गेला आणि दिवा लागला, तर पी०३२५ कोड बघायला सांगा. तो नॉक सेन्सरच्या सर्किटचा. किनाऱ्यावर त्याचा कनेक्टर हिरवट पडलेला सापडतो. सेन्सर गप्प झाला की ईसीयू धोका न पत्करता टायमिंग कायमचं मागे ठेवतो. नवा बसवताना ब्लॉकवरची जागा घासून स्वच्छ हवी आणि बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाप्रमाणेच आवळलेला हवा. कमीजास्त आवळला तर तो नीट ऐकत नाही.

पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि ५ लिटरचं माप मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पेट्रोलचा थेंब कागदावरून सुमारे दोन मिनिटांत डाग न ठेवता उडायला हवा. १५ अंश सेल्सिअसच्या हिशेबाला आणलेली घनता पंपाच्या नोंदीपेक्षा ३ एककांहून (किलो प्रति घनमीटर) जास्त वेगळी नसावी. भेसळ यात पकडली जाऊ शकते. ऑक्टेन मात्र पंपावर मोजता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

पायरी ५: पाऊस आणि उभी गाडी

कोकणात ऑक्टेन घटवणारी एक मोठी गोष्ट पाणी आहे. इथेनॉल पाणी शोषतं. थोडं पाणी मिश्रणात विरघळून जातं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, वर पेट्रोल उरतं. ज्या इथेनॉलने ऑक्टेन ९५पर्यंत नेला तेच निघून गेल्यामुळे वरच्या थराचा ऑक्टेन खाली येतो. आणि इंधनाचा पंप ओढतो तळातून, म्हणून आधी पाणीमिश्रित इथेनॉल इंजिनात जातं. गाडी सुरूच होत नाही किंवा धक्के देते.

चाकरमानी गावी गाडी ठेवून जात असतील तर पावसाळ्याआधी टाकी जवळजवळ पूर्ण भरा. टाकीत हवा कमी राहिली की ओल धरायला जागा कमी मिळते. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर बदला. घरातल्या कुणाला आठवड्यातून एकदा पाऊण तास गाडी फिरवायला सांगा. नुसती अंगणात चालू ठेवल्याने इंजिन नीट तापत नाही आणि कार्बनच वाढतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आला तसा पूर आला, तर पाण्यात गेलेल्या पंपावरची जमिनीखालची टाकी तपासल्याचं कळेपर्यंत तिथे पेट्रोल घेऊ नका. स्वतःची गाडी बुडाली असेल तर चावी फिरवूच नका, आधी टाकी आणि एअर फिल्टर उघडून घ्या.

कार्ब्युरेटरच्या गाड्या

मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी अजून काही घरांत जपलेल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी थोडा वेळ द्यायला हवा. ई२०वर त्यांचं मिश्रण विरळ होतं, कारण ऑक्सिजन सेन्सर नाही. मेस्त्रीकडून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) तपासून घ्या, आणि इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या आणि डायफ्रॅम बसवा. गळणारी जुनी रबरी नळी तापलेल्या इंजिनावर आग लावू शकते, म्हणून हे काम सगळ्यांत आधी.

टायमिंग लावताना इंजिन तापलेलं, आयडल ठरलेल्या आकड्यावर, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलेलं. स्ट्रोब लाइट, म्हणजे ठिणगीसोबत लुकलुकणारा दिवा, पुलीवरच्या खुणेवर धरा. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, बोल्ट थोडा सैल करून डिस्ट्रिब्युटर त्याच्या आतला रोटर फिरतो त्याच दिशेने वळवला की टायमिंग मागे जातं, उलट दिशेने वळवला की पुढे येतं. पुस्तिकेतल्या खुणेवर आणून बोल्ट आवळा, नळी परत लावा आणि चढावर घेऊन जा. वाजली तर एका वेळी एक-दोन अंशच मागे घ्या. चार अंशांपेक्षा जास्त मागे न्यावं लागत असेल, तर टायमिंगशी खेळणं थांबवून कॉम्प्रेशन मोजा: आकडा मूळ मापापेक्षा वर आला, तर हेड उघडून कार्बन काढायची वेळ झाली आहे.